गोर्वाचं रक्त

मित्रमैत्रिणींना घरी आणायचं नाही, हा आमच्या घरातला नियम माझा होता, आईबाबांचा नव्हे. आईला माणसं जेवू घालायला आवडायची आणि बाबांना बोलायला कुणीही चालायचं. पण लेस्टरमधलं आमचं घर म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या विटांच्या रांगेतलं एक. दार उघडलं की थेट पुढची खोली, आणि दारासमोरच, खोली गरम ठेवायच्या गॅसच्या शेगडीवरच्या भिंतीवर तो फोटो: निळा कोट, जाड काड्यांचा चष्मा, हातात पुस्तक. त्याखालच्या फळीवर पितळेची बुद्धमूर्ती, मेणबत्त्यांचा डबा आणि टेलिफोन. मराठी माणसाला उंबऱ्यावरूनच सगळं कळावं अशी ती भिंत होती. बाकी कुणाला काही कळत नसे. पोस्टमनने एकदा "हे तुमचे आजोबा का?" असं विचारलं, तेव्हा बाबा हसू दाबून म्हणाले होते, "तसंच समज." शेजारच्या घरातली हेतल, माझी गुजराती मैत्रीण, दिवसातून चार वेळा त्या फोटोखालून जायची आणि तिने कधी मान वर करून बघितलंही नव्हतं. तेव्हा खरं सांगायचं तर माझा नियम एकाच माणसासाठी होता. त्याचं नाव केदार.

घराचा आवाज म्हणजे आईचं ओव्हरलॉक मशीन. एका होजिअरीच्या कारखान्याचं काम ती घरी आणून मागच्या खोलीत शिवायची. मशीन सुरू झालं की जिन्याचा कठडा थरथरायचा, आणि वरणात महिन्यातून एकदा तरी निळा किंवा करडा धागा सापडायचा. बाबा हॉस्पिटलच्या रक्ताच्या लॅबमध्ये होते. त्यांची ड्यूटी कधीही असायची, पण रविवारची सकाळ ते सोडत नसत. अंघोळ करून, पांढरे कपडे घालून वंदना म्हणायची, ती मोठ्याने आणि मी पुढे. लहानपणी एका मास्तरांनी त्यांना भर वर्गात सांगितलं होतं की तुमच्या जिभेला हे उच्चार जमायचे नाहीत. त्याचं उट्टं ते माझ्यावर काढत. पालीतलं एक जोडाक्षर चाटून गेलं की हात वर करायचे, "पुन्हा." पाय दुखून यायचे, पण अक्षर सुटं पडल्याशिवाय सुटका नाही. त्यानंतर आई मटणाचा मसाला भाजायला घ्यायची. सुकं खोबरं, खसखस, दगडफूल, आणि मिरच्या इतक्या की शेजारच्या घरात हेतलची आई शिंकायची. त्याआधी आई स्टुलावर चढून धुराच्या अलार्मला अंघोळीची प्लास्टिकची टोपी घालायची. आज मी कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासायचं काम करते. तो प्रकार मी आज कुठल्या स्वयंपाकघरात बघितला तर लेखी समज देईन.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे ती लागणार आहे. आमच्या घरी फोन उचलला की 'हॅलो' म्हणत नसत. पलीकडे गॅस कंपनी असो की माझी शाळा, आई आणि बाबा दोघेही "जयभीम" म्हणूनच सुरुवात करत. मी बाराची झाल्यापासून घरातला प्रत्येक फोन मी पळत जाऊन उचलायची. आईला वाटायचं, पोरगी कामसू आहे. किंवा तसं वाटतंय असं ती दाखवायची.

केदारचं घर बागेच्या पलीकडे होतं, चारही बाजूंनी मोकळं, पुढे दोन गाड्या. त्याचे वडील डॉक्टर, आईला आम्ही काकू म्हणायचो. माणसं पुण्याची. केदार माझ्याच शाळेत, एक वर्ष पुढे. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा काकू देवासमोर काहीतरी म्हणत होत्या आणि त्यांचं पुस्तक चष्म्याअभावी अडलं होतं. मी दोन श्लोक वाचून दिले. काकू माझ्याकडे बघत राहिल्या.

"काय ग स्वच्छ उच्चार! इकडे वाढलेल्या मुलांची जीभ कशी बोबडी असते. नाव काय तुझं?"

"प्रज्ञा पिंपळगावकर."

"पिंपळगावकर म्हणजे नाशिककडचे?"

"नागपूरकडचे."

"मग मागच्या पिढीत कधीतरी तिकडे गेलेले असणार. माझी मावशी दिली आहे ना पिंपळगावकरांच्यात." त्यांनी माझ्या वतीने सगळा वंशवृक्ष लावून टाकला. "तरीच! रक्त बोलतंच बाई. कुठेही नेऊन ठेवा. शाकाहारीच असाल ना?"

पिंपळगाव नावाची गावं महाराष्ट्रात किती आहेत ते मोजायला बसलं तर संध्याकाळ होईल. आजोबांनी शाळेत नाव घालताना जुनं आडनाव टाकून गावाचं लावलं होतं, एवढीच त्याची कथा. ते मला माहीत होतं. आडनावाची चूक काकूंची. पण शेवटच्या प्रश्नाला मी "हो" म्हणाले, ते माझं. पुढची दोन वर्षं त्या एका 'हो'वर मी त्यांच्या घरी थालीपीठ, अळूची भाजी आणि मेतकूट-भात खाल्ला. उत्तम असायचं सगळं. हळदीकुंकवाची आमंत्रणं आईला यायची ती मी वाटेतच गिळायची. एकदा आईने मशीन थांबवून विचारलं, "त्या लोकांना सांगितलंस का ग आपण कोण ते?"

"त्यांनी विचारलं नाही."

"विचारलंच असेल. तूच गप्प राहिली असशील." आणि मशीन पुन्हा सुरू.

आम्ही तिथे जायचो ते खेळायला. केदारने एक अख्खं जग रचलं होतं, जाड पुठ्ठ्याच्या वह्यांमध्ये: नकाशे, राज्यं, नद्या, आणि त्यात राहणारे वंश. माणसं होती, डोंगरातले बुटके होते, आणि गोर्व होते. गोर्व राखाडी कातडीचे, सुळेवाले, अंधारात दिसणारे, दलदलीत राहणारे. खेळणाऱ्याने एक पात्र घ्यायचं, केदार गोष्ट सांगणार, अडचणीच्या जागी वीस बाजूंचा फासा टाकायचा, आणि जे पडेल त्यावर पुढचं ठरणार. हेतलने माणसांची धनुर्धारी घेतली. मी गोर्व मागितला. केदारला आवडलं नव्हतं, पण मी हट्ट धरला. माझा ओरू तान्हा असताना लढाईनंतर एका वैद्याला सापडला, त्यानेच त्याला मठात वाढवला, आणि आता तो आमच्या टोळीचा वैद्य होता. दोन वर्षं, दर रविवारी दुपारी, ओरूने हेतलच्या धनुर्धारीची हाडं जुळवली, ताप उतरवले, बाण काढले. मी इतर कशातही तितकी हुशार नव्हते. (आमचं बोलणं इंग्रजीतच चालायचं. इथे मी ते मराठीत लिहिते आहे, त्यामुळे आम्ही होतो त्यापेक्षा जरा शहाणे वाटू.)

त्या रविवारी पाऊस नव्हता, ऊनही नव्हतं, लेस्टरमध्ये वर्षातले निम्मे दिवस असतात तसा करडा दिवस. गोष्टीत हेतलच्या धनुर्धारीला पोटात भाला लागला होता. ओरू टाके घालायला बसला. केदारने वही उलटून मागचं पान काढलं आणि जरा घसा साफ केला.

"एक नियम आहे. गोर्व सोळा वर्षांचा झाला की त्याचं रक्त जागं होतं. त्यानंतर समोर रक्त दिसलं की फासा टाकायचा. दहाच्या खाली आला तर तो सर्वात जवळच्या माणसावर तुटून पडतो."

"सर्वात जवळची मी आहे," हेतल म्हणाली. "पोट उघडं टाकून."

"हा नियम कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्यापासून. वहीत आहे. ओरू आत्ता सोळाचा झाला."

"तो मठात वाढला आहे. त्याने आजवर मुंगी मारलेली नाही."

"त्याने काय होतं? वाघाचं पिल्लू घरात बाटलीने वाढवलंस तरी वाघच होणार. ते आतून येतं."

आम्ही अर्धा तास भांडलो. मी आवाज चढवला. माझे कान गरम झाले होते आणि एका कागदी राक्षसासाठी मी इतकी का पेटले आहे ते हेतलला कळत नव्हतं. मला कळत होतं, म्हणूनच आणखी राग येत होता. त्यात काकू थालीपीठं घेऊन आल्या, काय चाललंय ते ऐकलं, आणि लोण्याचा गोळा वाढता वाढता निकाल दिला, "केदार बरोबर बोलतोय. रक्त शेवटी बोलतंच. आता ही आपली प्रज्ञा बघा ना." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात उचलला जाईपर्यंत मी थालीपीठाला हात लावला नाही.

हेतलला फक्त खेळ पुढे न्यायचा होता. "प्रज्ञाच्या बाबांना विचारूया," ती म्हणाली. "ते हॉस्पिटलात दिवसभर रक्तच बघतात."

केदार उभाच राहिला. "चालेल. ते म्हणतील ते फायनल."

"बाबा ड्यूटीवर आहेत," मी म्हणाले.

"काहीतरीच! आत्ता निघताना मी बघितलं, कुंपण कापत होते," हेतल म्हणाली, आणि बूट घालायला लागली.

बागेतून आमच्या घरी जायला आठ मिनिटं लागतात. मी त्या आठ मिनिटांत म्हटलं की घरी पाहुणे असतील, मग म्हटलं की आईला बरं नाही, मग एकदा चक्क म्हटलं की जाऊ दे, ओरूला मार, मला चालेल. केदार थांबला आणि त्याने माझ्याकडे नीट बघितलं. दोन वर्षं राखलेलं पात्र मी असं सोडून देते म्हणजे काहीतरी आहे, एवढं कळण्याइतका तो हुशार होता. "तुला त्यांचं उत्तर माहीत आहे का?" त्याने विचारलं. मला वाटलं, उत्तराचं काय घेऊन बसलास, तुला ते दारातच मिळेल. कोपऱ्यावर वळल्याबरोबर मटणाचा वास आला. हेतलला सवय होती. केदारने नाक वर केलं.

दार बाबांनीच उघडलं. बनियनवर स्वेटर, हातात कुंपण कापायची मोठी कात्री. "अरे वा! हा तो नकाशेवाला केदार का? ये ना रे बाबू. उभा काऊन?" केदार आत आला आणि समोरच्या भिंतीकडे बघत उभा राहिला. मी त्याच्या मानेकडे बघत होते. मान हलली नाही. मागच्या खोलीतलं मशीन थांबलं, आणि ते थांबलं की आई दारात येऊन उभी आहे हे आम्हाला न बघताही कळायचं.

"बस," बाबा म्हणाले. केदार सोफ्याच्या अगदी काठावर बसला. बाबांशी मराठीतच बोलायचं असतं हे त्याला हेतलने सांगितलं असावं. त्याने त्याच्या मोडक्या मराठीत सगळं सांगितलं: गोर्व काय, मठ काय, "नियम मी लिहिली आहे, काका, रक्त जागी होते." बाबांनी कात्री खाली ठेवली. मला वाटलं होतं ते हसतील. ते चष्मा काढून पुसायला लागले, लॅबमधला एखादा गुंतागुंतीचा रिपोर्ट आल्यासारखे.

"वाघाचं म्हणतोस ते बरोबर आहे," ते म्हणाले. "रक्तातून येतं. पुष्कळ येतं. माझ्या धाकट्या भावाला सिकल सेल होता. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि नसांमध्ये अडकतात. त्याला आईकडून आलं आणि बापाकडूनही, तो गेला. मला एकाच बाजूने आलं, मी तुझ्यासमोर बसलोय. प्रज्ञाला विचार."

"मलाही एकाच बाजूने," मी म्हणाले. हे मी कुणालाही सांगत नसे.

"तेव्हा रक्तात काही नसतं असं मी म्हणणार नाही. तुझ्या गोर्वांना अंधारात दिसतं?"

"हो."

"येईल रक्तातून. डोळ्याचा मामला आहे. सुळे?"

"हो."

"येतील. आता मला सांग, ते बोलतात का? शेती करतात? पोरांना नावं ठेवतात?"

केदारने वही चाळली. "हो. त्यांचं... बारसं असते."

"मग बारसं करणारा प्राणी वाघाकडे बसवायचा की आपल्याकडे?" बाबांनी चष्मा घातला. "बरं, आणखी एक. सोळाव्या वर्षी ते तुटून पडतात हे कुणी बघितलं? ही माहिती वहीत कुणी दिली?"

"मी... म्हणजे, राजाच्या इतिहासकाराने."

"तो गोर्व होता?"

"नाही. माणूस."

"गोर्वांशी लढाई चालू असताना लिहिलं?"

केदारने पान मागे उलटून तारीख बघितली.

"माणसांत वाढलेले गोर्व किती बघितले त्याने? आणि गोर्वांत वाढलेलं माणसाचं मूल? तेही बघायला लागेल ना बाबू. दोन्हीकडे वाढवून बघ, मोज, मग सांग. किती रक्ताचं आणि किती वाढवण्याचं, ते मोजल्याशिवाय मी लिहून दिलं तर माझी नोकरी जाईल."

आईने ताट आणलं. तिने विचारलं नाही, आम्हा कुणालाच विचारलं नाही, सरळ केदारच्या हातात दिलं: भाकरी, कांदा आणि काळपट तांबडा रस्सा. मला वाटलं हा आता उठेल. त्याने रश्श्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि एक तुकडा मोडला. दुसऱ्या घासाला त्याच्या नाकातून पाणी यायला लागलं. तिसऱ्याला तो म्हणाला, "काकू, आईला सांगू नका."

"मी कशाला सांगू?" आई म्हणाली. "आमच्याकडे लपवायचं खातं प्रज्ञाकडे आहे."

त्याला सोडायला मी फाटकापर्यंत गेले. तो बराच वेळ रस्त्यावर उभ्या असलेल्या कुणाच्या तरी गाडीच्या पुसट आरशात बघून तोंड पुसत होता. मग म्हणाला, "पुण्याला आजीच्या घरासमोरून मिरवणूक जायची. हाच फोटो असायचा पुढे. आजी खिडक्या लावून घ्यायची. मला वाटायचं आवाजामुळे." आणि फाटक उघडता उघडता, "आईने तुला विचारलं होतं. मी होतो तिथे."

"तू सांगणार आहेस?"

"माहीत नाही," तो म्हणाला. खरं बोलला, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तो आठवडा मी कसा काढला ते सांगण्यासारखं नाही. शाळेत तो दिसला की मी जिना बदलायची. मला भीती होती ती आरडाओरड्याची नव्हती. तशी माणसं नव्हती ती. मला भीती होती की पुढच्या रविवारी दार उघडेल आणि काकू छान हसून म्हणतील, आज जरा गडबड आहे ग, नंतर ये. आणि मग ते 'नंतर' कधी येणार नाही. न जाणं सोपं होतं. पण न जाणं म्हणजे त्यांचं काम मीच करून देणं, एवढं मला पंधराव्या वर्षीही कळत होतं. रविवारी वंदना झाली, मटण जेवले, दात घासले नाहीत, आणि गेले.

काकूंनी दार उघडलं. नेहमीपेक्षा जास्तच उघडलं. "ये ये! अगं, सांगायचं की! केदारने सांगितलं. आम्ही नाही हो मानत तसलं काही. या देशात कोण मानतं?" त्यांनी माझा हातच धरला. "आणि एक सांगू? रक्तबिक्त काही नसतं. संगतच माणसाला घडवते. दोन वर्षं आमच्याकडे येते आहेस, किती फरक पडला तुझ्यात! उच्चार बघ कसे स्वच्छ झालेत."

मी तिथे, पायपुसण्यावर, एक बूट काढलेला आणि एक घातलेला, अशी उभी राहिले. हेच उच्चार पहिल्या दिवशी त्यांनी रक्तातून आणले होते. आता ते थालीपीठातून आले होते. एका आठवड्यात काकूंनी अख्खं विज्ञान फिरवलं, आणि दोन्ही वेळा श्रेय एकाच घराला गेलं. त्यांना ते दिसत नव्हतं. मनाने वाईट नव्हत्या, हे मी आजही म्हणेन. नंतरच्या आयुष्यात अशी माणसं मला पुष्कळ भेटली, आणि रक्त की वळण असा वाद कुणी माझ्यासमोर काढला की मी आधी एवढंच बघते की उत्तर कुठलंही आलं तरी वर कोण राहतो.

"माझे उच्चार बाबांनी घडवलेत, काकू," मी म्हणाले. "दर रविवारी, वंदनेत. तुमच्याकडे येण्याच्या आधीपासून."

त्यांचा हात सुटला. मी दुसरा बूट काढला आणि आत गेले.

टेबलावर वही उघडी होती. हेतल आलेली होती. केदारच्या चेहऱ्यावर बक्षीस द्यायला आलेल्या माणसाचा भाव होता. "काकांचं पटलं मला. ओरूसाठी नियम काढला. त्याला माणसांनी वाढवलंय ना, म्हणून तो वेगळा झाला. घाल टाके."

"म्हणजे बाकीच्या गोर्वांना नियम आहेच?"

"हो. ते दलदलीत वाढले."

"मग सगळ्यांसाठी काढ."

"सगळ्यांसाठी कसा काढू?" तो खरोखर घाबरला होता. "मागच्या वर्षी आपण त्यांचं गाव जाळलं. तुम्हाला कारण तेव्हा सांगितलं नव्हतं, पण रक्त जागं होण्याच्या आत जाळायला हवं म्हणून. पोरं होती त्यात. नियम नसला तर मग..."

"मग काय?" मी म्हणाले.

हेतलने हातातलं थालीपीठ खाली ठेवलं. "मग तुटून पडलो ते आपणच," ती म्हणाली. "ओ गॉड. ओरूने मशाल धरली होती, प्रज्ञा."

धरली होती. मीच धरली होती, आणि टोळीने मला आपलं मानावं म्हणून सर्वात पुढे होऊन धरली होती. मला ते त्या क्षणापर्यंत आठवलंसुद्धा नव्हतं. कागदावरचं गाव, शिसपेन्सिलने काढलेल्या सतरा झोपड्या. तरी मी माझा फासा मुठीत धरला.

"सगळ्यांसाठी काढ," मी म्हणाले, "नाहीतर मी फासा टाकते. मला एकटीला सवलत नको."

"टाकू नकोस."

मी टाकला. तो वहीवरून घरंगळत गेला, थालीपीठाच्या ताटाला आपटला आणि थांबला. तीन.

केदारने नियमाचं पान धरलं होतं आणि त्याचं बोट त्या ओळीवर होतं. "ओरू सुरी उचलतो," तो हळू म्हणाला. "सर्वात जवळ हेतल आहे."

"ओरू सुरी खाली ठेवतो," मी म्हणाले. "हात धुतो. आणि टाके घालतो."

"तसं नाही करता येत. तीन पडलेत."

"मला माहीत आहे किती पडलेत. तो टाके घालतोय. नऊ घातले. आणखी चार लागतील."

"प्रज्ञा, नियम आहे."

"तू लिहिलास." मी माझा फासा उचलला, खिशात टाकला आणि बूट घालून घरी आले. काकू स्वयंपाकघरात होत्या, पाण्याचा नळ उगाचच सुरू होता.

पुढचे दोन रविवार मी आईला मोजे बांधायला मदत केली. तिसऱ्या रविवारी बाबा ड्यूटीवर होते, आईने अलार्मला टोपी घातली होती, आणि दार वाजलं. हेतल आणि केदार. त्याच्या हातात नवी वही होती, कोरी. "दलदलीतून सुरू करूया," तो म्हणाला. "जळलेल्या गावातून वाचलेले तिघं गोर्व. गोष्ट तू सांगायची. मला माहीत नाही ते कसे राहतात." तो खूप विचार करून आला असावा, कारण हे त्याने एका दमात म्हटलं.

"आधी जेवून घ्या," मी म्हणाले. "रिकाम्या पोटी कुणी गाव उभं करत नाही."

तो सोफ्यावर बसला, या वेळी मागे टेकून, बरोबर फोटोसमोर. आईने तीन ताटं आणली. हेतलला बटाट्याची भाजी, आम्हाला रस्सा. केदारने यावेळी रुमाल आणला होता. आम्ही अर्धे जेवलो असू तेव्हा फोन वाजला. आई मशीनवरून उठली, मग माझ्याकडे बघून थांबली. मला सवय होती, मी पळायच्या बेतात अर्धी उठले होते. पण त्या दिवशी पळायचं कारण उरलं नव्हतं. मी घास संपवला, उष्टा हात बाजूला धरून सावकाश गेले आणि डाव्या हाताने फोन उचलला.

"जयभीम," मी म्हणाले.

पलीकडून काकूंचा आवाज आला, जरा चाचपडत, "अं... प्रज्ञा का? केदार आलाय का ग तिकडे?"

"हो काकू. जेवतोय."

"जेवतोय? आत्ता? काय जेवतोय?"

मी वळून बघितलं. केदार तोंड भरलेल्या अवस्थेत, हातात नळीचं हाड घेऊन, जोरजोरात मान हलवून मला नको नको म्हणत होता. आईने तोंडाला पदर लावला होता. मला उत्तर येत होतं. दोन्ही येत होती, दोन वर्षांचा सराव होता.

"त्यालाच विचारा," मी म्हणाले, आणि फोन त्याच्या मोकळ्या हातात दिला.